पूजेची जोडी

रविवार, १५ जून १९९७

आज कमिटीची मीटिंग झाली. घरी आले, तांब्याभर पाणी प्याले आणि तांब्या आपटला. चेपला. चेपू दे.

ही डायरी ह्यांची. नव्या वर्षाला औषधवाल्यानं दिलेली. वीस फेब्रुवारीपर्यंत ह्यांचं अक्षर आहे, तालमीत कोण आलं, कुणी किती जोर मारले, कोण दांडी मारून सिनेमाला गेलं. एकवीसला हे गेले. पुढची पानं कोरी आहेत आणि माझं डोकं भरलेलं आहे, म्हणून आजपासून मी लिहिणार.

कानडी मुलखातल्या बसवनगुडीतली ही तालीम आमच्या समाजाची. आधी सासरे उस्ताद, मग चोवीस वर्षं हे. हे गेल्यावर किल्ली माझ्याकडे राहिली, कारण आतल्या मारुतीपुढे रोज दिवा कुणी लावायचा? मी लावत होते. एक दिवस गंगव्वा कंबर धरून आत आली. गांधी बझारात फुलं विकते ती. तिला मी तिथल्या तिथं चार बैठका काढायला लावल्या. आठ दिवसांत तिची कंबर सुटली आणि तिनं अख्ख्या बाजारात बोभाटा केला. आता सकाळी साडेदहाला अकरा बायका येतात. पुरुष पहाटे येतात नि संध्याकाळी. मधल्या वेळेला तिथं मांजर झोपायचं. कुणाचं काय अडलं?

अडलं विनोदकुमारचं. सव्वीस वर्षांचा आहे, दंड चांगले आहेत, डोकं त्यामानानं लहान. त्याला तालमीत आरसे लावायचे आहेत, मशिनं आणायची आहेत, टेपवर गाणी लावायची आहेत. म्हणाला, "अक्का, तुम्ही दिवा लावा, सरी, चालेल. पण किल्ली उस्तादाकडे पाहिजे ना? ही बायकांची भजनं बंद व्हायला पाहिजेत."

मी काही बोलणार तेवढ्यात अध्यक्ष नरसिंहराव खाकरले. "रीत आहे ती आहे. आयुधपूजेला पूजेची जोडी लावलेला बार जमिनीवरून उचलून, कापूर विझायच्या आत जो ताठ उभा राहील, वर्षाची किल्ली त्याची. बाई की बुवा, हे रीतीत सांगितलेलं नाही. आधी शारदाबाई. त्यांना नाही जमलं तर विनोद."

सगळे फिदीफिदी हसले. बार पंधरा किलोचा. पूजेच्या जोडीतली एकेक प्लेट पस्तीसची. म्हणजे पंच्याऐंशी किलो. मी सेहेचाळीस वर्षांची, आणि आजवर उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाण्याची घागर.

"आणि जोडी तीच, पेटीतली," नरसिंहरावांनी बोट नाचवलं. "दुसऱ्या प्लेटा लावलेल्या चालणार नाहीत मला."

थेरडा! बाईला चुकून सूट मिळायला नको, केवढी ती काळजी!

मी म्हटलं, "सरी. उचलते."

बोलून बसले खरी.


मंगळवार, १७ जून

दुपारी तालमीचं दार लावून घेतलं. साडीचा काचा मारला, तो सुटला. शेवटी ह्यांची ट्रॅक पँट घातली, नाडी कमरेला दोनदा गुंडाळून. आरसा नाही तेच बरं.

नुसता बार उचलला. मग दोन्ही बाजूंना दहा-दहा लावून पस्तीस. तोही आला. पंचेचाळीसला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी मारुतीकडे पाहिलं. तो आपला डोंगर घेऊन मजेत उभा.

पूजेच्या जोडीला हात लावायचा नसतो. ती मारुतीच्या पायाशी पेटीत, लाल फडक्यात असते. पूजेच्या आदल्या दिवशी उस्तादानं अंघोळ करून, दार लावून, एकट्यानं उघडायची, लाल रंगाचा हात द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बारावर चढवायची. सासऱ्यांच्या वेळी दोघं मिळून चढवायचे. एकट्यानं चढवायची रीत ह्यांनी पाडली, शेवटी शेवटी. म्हणून मी सराव करणार तो साध्या प्लेटांवर. वजन ते वजन.


गुरुवार, ३ जुलै

आज बायकांना फैलावर घेतलं. अकरातल्या पाचच आल्या. कुणाची सासू, कुणाचा मुलगा, कुणाचं डोकं. विद्याश्री तर बाळंतपणानंतर सहा महिने झाले तरी "पाठ, पाठ" करते. रजेवर यायच्या आधी बँकेत बसून बसून तिची पाठ पोळीसारखी मऊ झालीय.

मग मी त्यांना ह्यांची गोष्ट सांगितली. एक्क्याण्णव साली ह्यांच्या पाठीत अशी चमक भरली की सकाळी पायात चप्पल सरकवायला मी लागायची. घागर उचलवत नव्हती. रोज रात्री मी वाळूचा शेक द्यायची, आणि हे भिंतीकडे तोंड करून कण्हायचे. डॉक्टर म्हणाला, वजन सोडा. आणि त्याच वर्षी आयुधपूजेला, अख्ख्या समाजासमोर, ह्या माणसानं पंच्याऐंशी किलो उचलले! पुढची पाचही वर्षं उचलले. आणि नुसते उचलले नाहीत, खाली कसे ठेवले? अलगद. टक् म्हणून आवाज नाही. केवढा ताबा! सासरे आपटायचे, घर हादरायचं. हे म्हणजे पाळण्यात मूल ठेवावं तसे.

"मन म्हणतात ते हे," मी म्हटलं. "पाठ नव्हती, मन होतं. आणि तुम्ही सर्दी झाली म्हणून घरी बसता?"

विद्याश्रीचे डोळे भरून आले. तिनं आज वीस बैठका जास्त काढल्या. ही गोष्ट औषध आहे औषध.


रविवार, २० जुलै

आनेकलला जाऊन आले. कल्लाप्पाकडे. हा ह्यांचा पट्टशिष्य, मूळचा निपाणीकडचा, सुतार. म्हटलं, बारखाली घालायला जाड फळ्या करून दे, फरशी फुटायला नको.

त्याच्या वखारीत एक दार सरस लावून ठेवलं होतं आणि त्यावर दोन मोठी लोखंडी चाकं दाबून ठेवली होती. म्हटलं, हे काय रे, कुठल्या गिरणीचं? तर कल्लाप्पानं त्यावर पटकन गोणपाट टाकलं. "जुनं हाय हो अक्का. दाबाला बरं पडतंय." सुतारांना भंगाराचं भारी प्रेम.

फळ्या करून देतो म्हणाला. पण माझे हात पाहून त्याचा चेहरा उतरला. "अक्का, एवढं जिवाला का लावून घेतलासा? उगंच पाठ धरंल. पूजेदिवशी हुतंय सगळं बराबर."

"कसं होतंय? मारुती येऊन उचलतो का?"

"तसं न्हाई." टोपी काढली, घातली. "पेटीतली जोडी… हाताला लागलेली असती उस्तादांच्या. पुण्याई असती तिची. हलकी जाती."

मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, पुण्याईनं लोखंड हलकं होत असतं तर तुझ्या उस्तादानं चोवीस वर्षं घाम कशाला गाळला? माझ्यावर विश्वास नाही तर तसं सरळ सांग. परतीच्या बसमध्ये मला जरा वाईट वाटलं, पण जराच.


शनिवार, ९ ऑगस्ट

साठ. दोनदा.

तळहाताची साल निघालीय. भाकरी थापताना मीठ झोंबतं. नडग्यांवर बार घासून काळंनिळं झालंय. गंगव्वा म्हणते, "अक्का, नवरा मारतो त्या बाईचे पाय असे असतात." मी म्हटलं, मला मारणारा बार आहे, आणि मी त्याला सोडणार नाही.


गुरुवार, २८ ऑगस्ट

आज स्वारी आली! नरसिंहराव, हातात छत्री आणि एरंडेलाची बाटली. बायकांच्या वेळेला, दारातच उभे. "हाताला लावा," म्हणाले. "विनोद सांगत होता, तुमचे हात फाटलेत."

"विनोदला माझ्या हातांची काळजी कधीपासून?"

ते आत आले, मारुतीला नमस्कार केला, पेटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शारदाबाई, तुम्ही ती पेटी एकदा उघडून बघा. आधीच. मी काही म्हणणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "रीत मोडायला सांगता? म्हणजे मग पूजेच्या दिवशी, बाईनं आधीच हात लावला, बाद, असं म्हणायला तुम्ही मोकळे! नरसिंहराव, मी बिनशिकलेली असेन, सुम्ने, गप्प, बसणारी नाही."

त्यांनी छत्री उचलली आणि ते गेले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एरंडेल मी गंगव्वाच्या गुडघ्यांना दिलं.

कपटी माणूस. मिशा काय, गंध काय, आणि पोटात हे.


रविवार, १४ सप्टेंबर

पंचाहत्तरला अडकलेय. बारा दिवस झाले. बार फळीवरून चार बोटं सुटतो आणि तिथंच थांबतो. मी मनाला सांगते, ह्यांना आठव. मोडलेली पाठ घेऊन त्यांनी उचललं, तुझी धड आहे. तुझ्यातच काहीतरी कमी आहे.

आणि ती चीड आज विद्याश्रीवर निघाली. तिनं चाळीस बैठकांतल्या तिसाव्याला हात टेकले, तर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला पाठ नाही, मन नाही, काहीच नाही."

ती उभी राहिली. रडली नाही. "सगळ्यांचं मन तुमच्या ह्यांच्यासारखं नसतं, अक्का. मी घरी जाऊन मलाच शिव्या देते, तुमची गोष्ट आठवून. रोज." आणि गेली.

मी तावातावानं पंचाहत्तर लावले, ओढले, हलले नाहीत. परत ओढले. गंगव्वा कोपऱ्यात बसून फुलांची माळ ओवत होती, तिथूनच म्हणाली, "अक्का, तू तोंडानं उचलतेस."

"काय?"

"बोलत उचलतेस. 'उचल ग, उचल ग, लाज धर ग.' सगळा वारा तिथंच जातो. मी चाळीस किलोची टोपली डोक्यावर घेते तेव्हा गप्प असते. स्वल्प श्वास धर. टोपलीला शिव्या देऊन टोपली येत नाही."

मी तिला म्हणणार होते की तू फुलवाली, मला शिकवतेस? पण म्हटलं नाही. श्वास पोटात भरला, तोंड मिटलं, कुणालाच आठवलं नाही. पंचाहत्तर वर आले.

संध्याकाळी विद्याश्रीच्या घरी गेले. दार तिच्या सासूनं उघडलं. मला माफी मागता येत नाही, कधी शिकलेच नाही. मी विद्याश्रीला म्हटलं, "उद्या दहाच काढ. पण ये." ती म्हणाली, "पंधरा काढीन." दोघी हसलो.


मंगळवार, ३० सप्टेंबर

ऐंशी!! एकदा, पण ताठ. विद्याश्री माझ्या गळ्यातच पडली. पाच किलो राहिले, दहा दिवस राहिले.


मंगळवार, ७ ऑक्टोबर

साडेब्याऐंशी. पंच्याऐंशी नाही. तीनदा लावले, तीनदा गुडघ्याशी येऊन पडले. कल्लाप्पा बघायला आला होता, तो म्हणाला, "बास आता. दोन दिवस हाडांना सुट्टी द्या." आणि परत तेच, "पूजेदिवशी हुतंय अक्का." भीती वाटतेय, हे इथं लिहिते, कुणाला सांगणार नाही. मी पडले तर अकरा बायका घरी बसतील आणि विनोद आरसे लावील.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज काय झालं ते नीट, क्रमानं लिहायचं. नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी एकला अंघोळ केली, रंगाचा डबा आणि ब्रश घेतला, तालमीचं दार आतून लावलं. पेटी उघडली. लाल फडकं सोडलं. वरची प्लेट दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले, पाठ सरळ, श्वास पोटात, पस्तीस किलोच्या बेतानं जोर लावला.

प्लेट पातेल्यावरच्या झाकणासारखी वर आली. माझ्या हनुवटीवर आपटली आणि मी पाठीवर पडले.

मला वाटलं मला काहीतरी झालंय. झटका, भ्रम, काहीतरी. दुसरी उचलली. एका हातानं. मग केसातला आकडा काढला आणि मागच्या बाजूनं खरवडलं. लाल, खाली लाल, परत लाल. आणि मग पिवळं. लाकूड. फणसाचं.

किती वेळ बसले ठाऊक नाही. मग सगळं एकेक करून आलं. एकट्यानं दार लावून चढवायची रीत. अलगद ठेवणं. टक् म्हणून आवाज नाही. केवढा ताबा! मी, मीच सांगत होते ते अकरा बायकांना, डोळ्यांत पाणी आणून. ते शेक. ते भिंतीकडे तोंड करून कण्हणं. "मेल्या" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ओक्साबोक्शी रडले. मारुतीसमोर, ट्रॅक पँटीत.

सरस लावलेलं दार आणि गोणपाट आठवलं तेव्हा रडणं थांबलं. तशीच उठले आणि आनेकलची बस धरली.

कल्लाप्पानं मला पाहिलं आणि रंधा खाली ठेवला. माझ्या हनुवटीवरचा लाल रंग बघून त्याला सगळं कळलं. म्हणाला, "मीच केली जोडी. एक्क्याण्णवला. उस्तादांनी पायाला हात लावाय लावला आन् शपथ घातली, तुझ्या अक्काला कळता कामा नये."

"मला? फक्त मला?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "ते म्हणायचे, रोज रात्री शेक देती, दुसऱ्या दिवशी पोरांना छाती फुगवून सांगती. तिला कसं सांगू?"

मी बाकड्यावर बसले. राग कुणावर काढायचा तेच कळेना. माझ्या छाती फुगवण्यापायी हा माणूस सहा वर्षं खोटं उचलत होता, आणि त्या खोट्याच्या जोरावर मी विद्याश्रीला मन नाही म्हणाले.

"अक्का," कल्लाप्पा हळू म्हणाला, "लाकडाचीच लावा उद्या. कोण बघतंय? वर्षभर सराव करा, पुढच्या साली खरी लावा."

खरं सांगते, मोह झाला. साडेब्याऐंशीच्या पुढं गेले नव्हते मी. अकरा बायका डोळ्यांपुढे होत्या. लाकूड लावलं की किल्ली माझी, कापूर पेटायच्या आत. पण मग परवा साडेदहाला त्यांच्यापुढे उभं राहून काय सांगायचं? हेच, पुन्हा? आणि पुढचं साल कधीच येत नाही. ह्यांचं आलं का?

"गोणपाट काढ," मी म्हटलं.

एक प्लेट त्यानं पोत्यात घालून खांद्यावर घेतली, एक मी पोटाशी धरली. तो नको नको म्हणत होता. बसच्या कंडक्टरनं विचारलं, "एनम्मा अदु?" मी म्हटलं, देव आहे. त्यानं नमस्कार केला आणि पुढं गेला. पस्तीस किलोचा देव मांडीवर घेऊन मी बसवनगुडीला आले, आणि मांड्यांना मुंग्या आल्या तेव्हा बरं वाटलं, हे खरं वजन आहे म्हणून.

आल्यावर दोघांनी मिळून रंग दिला. दोघांनी. सासऱ्यांच्या वेळेसारखा.


शुक्रवार, १० ऑक्टोबर, आयुधपूजा

तालीम भरली होती. झेंडू, केळीचे खांब, चुरमुरे आणि डाळ्यांचा प्रसाद, दारात फोडायला कोहळा. मुद्गल, करेला, डंबेल, सगळ्यांना गंध. पुरुष एका बाजूला, आमच्या अकरा जणी दुसऱ्या बाजूला, पहिल्यांदाच. विनोदकुमार घट्ट बनियन घालून दंड चोळत उभा. किल्ली रीतीप्रमाणे लाल दोऱ्यानं बाराच्या मधोमध बांधलेली.

विद्याश्री कानाशी लागली. "अक्का, आधी तुमच्या ह्यांची गोष्ट सांगा ना सगळ्यांना."

"आज गोष्ट नाही," मी म्हटलं. "आज बार बघ."

मी पुढे गेले. साडीच नेसले होते, काचा मारून, ह्या वेळी पक्का. नरसिंहरावांनी ताटलीत कापूर पेटवला. आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी, होईल, असं काहीतरी केलं. मला इतकी चीड आली!

पहिल्यांदा ओढला. बार जागचा हलला नाही. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. नरसिंहरावांचा चेहरा मात्र एकदम बदलला. ते बाराकडे बघायला लागले, मग कल्लाप्पाकडे, मग माझ्याकडे.

कापूर अर्ध्यावर आला होता. माझं तोंड आपोआप सुरू झालं, उचल ग, लाज धर. तेवढ्यात मागून गंगव्वा गरजली, "बाय मुच्चु, अक्का!" तोंड मीट. मिटलं. श्वास धरला. हे आठवले नाहीत, कमिटी आठवली नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. टाचा फळीत रोवल्या.

बार सुटला. नडग्या, गुडघे. गुडघ्याशी थांबला, तिथंच, जिथं मंगळवारी तीनदा पडला होता. मी पण थांबले. तो खाली जाईना, मी वर जाईना. हात खांद्यातून निघतात की काय असं झालं. मग कंबर पुढं ढकलली आणि मी ताठ उभी राहिले. कापूर जळत होता. मी बघितला. मुद्दाम, सावकाश बघितला.

आणि सोडला बार.

काय तो आवाज! फळी मधोमध चिरली, कोनाड्यातली घंटा आपोआप वाजली, शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. आमच्या बायका किंचाळल्या. पण पुरुषांच्या बाजूला, म्हाताऱ्यांत, एक शब्द नाही. नव्वदीचे हयवदनराव खुर्चीत बसले होते, ऐकू कमी येतं त्यांना. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आवाज आला रे. सहा वर्षांनी आवाज आला."

कुणी त्यांना विचारलं नाही, कसला. कुणीच नाही. मी एकेकाचं तोंड बघत गेले आणि एकेक जण खाली बघत गेला.

सगळ्यांना ठाऊक होतं. विनोदसारखी पोरं सोडली तर सगळ्यांना. सहा वर्षं.

प्रसाद वाटताना मी नरसिंहरावांना कोपऱ्यात गाठलं. "म्हणजे मला लाकूड उचलायला बोलावलं होतं?"

त्यांचे डोळे वाहत होते. पुसतही नव्हते. "त्यानं तालमीला आयुष्य दिलं, शारदाबाई. पाठ गेली म्हणून त्याच्याकडून किल्ली काढून घ्यायची कुणी? पहिल्या वर्षी त्यानं बार खाली ठेवला, आवाज आला नाही, आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. झालं. आणि तुमच्या वेळी म्हटलं, तीच जोडी सांगितली की विनोदचं तोंड बंद होईल आणि तुम्हांलाही…"

"मलाही दया."

"हो," म्हातारा म्हणाला. "चुकलं का?"

मी बाराजवळ गेले, दोरा दातांनी तोडला आणि किल्ली घेतली. विनोदकुमार पुढं आला. वाटलं, आता काहीतरी बोलेल. तर त्यानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "अक्का, ते गुडघ्याशी थांबून परत कसं उचललं? माझं तिथंच जातं." म्हटलं, उद्या ये. गंगव्वाला विचार.


शनिवार, ११ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. नरसिंहरावांना थेरडा म्हटलंय, कपटी म्हटलंय. खोडणार नाही. मला ते तेव्हा तसेच दिसत होते, आणि मला कुणी सांगितलं नाही. सांगायचं होतं! ह्यांनी सांगायचं होतं. मी शेक दिला असता, तोंडही बंद ठेवलं असतं. निदान प्रयत्न केला असता.

एरंडेलाची नवी बाटली मात्र घेतली आणि त्यांच्याकडे पाठवून दिली.


सोमवार, १३ ऑक्टोबर

बायकांना सगळं सांगितलं. लाकूड, रंग, शेक, सगळं. म्हटलं, मी जी गोष्ट सांगत होते ती खोटी होती आणि ती मी तुमच्या पाठीवर मारत होते. विद्याश्रीनं पदर खोचला. मग म्हणाली, "बरं झालं." दुसरं काही नाही. आणि तीस काढल्या, न सांगता.

कल्लाप्पाला सांगून लाकडी जोडीचा सगळा रंग तासून काढलाय. आता लांबूनही लाकूड दिसतं. फेकणार नाही, पेटीतही ठेवणार नाही.

अकराला एक नवी बाई आली. कावेरी नाव. मणका सरकलाय, नवरा म्हणतो वजन उचललंस तर मरशील. दारातच उभी, आत यायला भिते. बारावर मी लाकडी जोडी चढवली आणि तिला बोलावलं.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"आमच्या ह्यांची," मी म्हटलं. "पाठ मोडली होती तेव्हाची. सहा वर्षं रोज मनात धाकधूक, कुणाला कळेल, बायकोला कळेल. एवढं एकट्यानं उचलत होता तो माणूस. तुला एकटीनं उचलायला लागणार नाही. पाय पसर. पाठ सरळ. तोंड बंद."

तिनं उचलला. वर आल्यावर तिचं तिलाच खरं वाटेना, हसायला लागली.

"खाली ठेव," मी म्हटलं. "आणि आवाज येऊ दे."